पालथा हात आणि लाल ठिपका

दाजी, फळीवरचा सातवा बल्ब काल गेला. तुम्ही असता तर आधी त्याला दोन शिव्या हासडल्या असत्या, मग तो काढून कानाशी हलवून बघितला असता आणि मला भंगारबाजारात पिटाळलं असतं. निघताना बजावलं असतं, "जीपचाच आण रे, नायतर आणशील मोटारसायकलचा." एकदाच, काम सुरू केलं त्या वर्षी, मी चुकून मोटारसायकलचा आणला होता. तेवढ्यावर तुम्ही मला पुढची आठ वर्षं सुनावलंत. मेव्हण्याची चूक जपून ठेवावी तर तुम्हीच.

काल कुणी पिटाळलं नाही, म्हणून मी गेलो नाही. एकोणीस बल्बांवर काम भागवलं. सातपूरच्या आपल्या गाळ्यात मी सकाळी दहाला येतो आणि संध्याकाळी सातला बंद करतो. मधल्या वेळात बोलायचं कुणाशी, हा प्रश्न आहे. शेजारचा लेथवाला दोन दिवस येऊन बसला, पण त्याला बोलायला लागतं राजकारण आणि मला ऐकायचं असतं तुमचं खेकसणं. तुमच्या स्टुलावर मी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवलाय. ते रिकामं दिसलं की मला त्रास होतो.

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "तुमचे दाजी कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काय करायचे?" आणि समजावून सांगताना माझी पंचाईत होते. मी सांगतो, काही लोक घरात, गोठ्यात, जागा मिळेल तिथे यंत्रं मांडतात. ती यंत्रं चोवीस तास गणितं सोडवतात आणि त्यातून म्हणे नाणी मिळतात, जी हातात धरता येत नाहीत. याला ते मायनिंग म्हणतात. त्या यंत्रांना बारा व्होल्टचा दांडगा करंट लागतो. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेले सर्व्हरचे पॉवर सप्लाय स्वस्तात मिळतात आणि तेवढा करंट देतातही, पण त्यांचं तोंड वेगळं आणि यंत्राचं तोंड वेगळं. मधे जोडणारी पट्टी लागते, अडॅप्टर. ज्याचं जसं यंत्र तशी पट्टी आम्ही करून द्यायचो. इथपर्यंत आलं की समोरचा मान डोलावतो आणि चहा कुठे अडकला ते बघतो. तुम्ही हेच एका वाक्यात सांगायचात, "दोन घरांची सोयरीक जमवतो आम्ही. मुलगी सर्व्हरची, मुलगा मायनिंगचा." त्यावर ताई विचारायची, "आणि जळलं तर?" तुम्ही म्हणायचात, "तासभर तावून सुलाखूनच पाठवतो."

त्या तासाबद्दलच लिहायला बसलोय खरं तर, आणि इकडचं तिकडचं लिहून वेळ काढतोय. तुम्हाला माझी ही सवय माहीत आहे.

फळी तुमची. जीपच्या हेडलाइटचे वीस बल्ब एका लाकडी फळीवर चार ओळींत बसवलेले. तयार झालेली प्रत्येक पट्टी त्या फळीला जोडायची आणि वीसच्या वीस बल्ब तासभर जाळायचे. मे महिन्यात गाळ्याची भट्टी व्हायची. तास भरला की तुम्ही उजवा हात पालथा करून एकेका कनेक्टरवर टेकवायचात आणि मनात दहा आकडे मोजायचात. दहापर्यंत हात राहिला तर पट्टी पास. आठलाच उचलावा लागला तर परत सोल्डरिंगला. पास झालेल्या पट्टीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका, मोहरीएवढा. ती बाटली आणायला तुम्ही स्वतः गेला होतात. दुकानातल्या बाईने कुठली शेड हवी विचारलं, तर म्हणालात, "मेव्हण्याला शोभंल अशी." पुढे पुढे लांबलांबचे लोक फोनवर विचारायचे, ठिपकेवाली पट्टी तुमचीच का. गाळ्यावर आपण नावाचा बोर्ड कधी लावला नाही. लागलाच नाही.

मी कितीदा म्हटलं, दाजी, तापमान मोजायची बंदूक मिळते. लांबून धरायची, आकडा दिसतो. हात कशाला भाजून घ्यायचा? तुम्ही म्हणायचात, "बंदुकीला चटका बसत नाय ना, मग तिला काय पडलंय खरं बोलायचं?" मी म्हणायचो, हा अडाणीपणा आहे. तुम्ही म्हणायचात, तीस वर्षं मेंटेनन्सला काढली, मोटार बिघडायच्या आधी माझ्या हाताला कळायचं, साहेबाच्या मीटरला मागून. मी म्हणायचो, साहेबाचा मीटर अजून नोकरीत आहे. मग तुम्ही अहिराणीवर यायचात. नामपूरचा माणूस चाळीस वर्षं सातपूरला राहिला तरी राग आला की बागलाणातच जाणार. "तुले काय समजस रे?" म्हणालात की मी ओळखायचो, आजच्यापुरतं बस झालं.

तासावरूनही कुरबूर असायचीच. पंधरा मिनिटांत कळतं की, असं मी म्हणायचो. तुम्ही तेच तेच समजावायचात, की काही सांधे वरून चकाकतात पण आतून सोल्डरने तारेला धरलेलंच नसतं. असा सांधा सुरुवातीला गार राहतो आणि मग सावकाश तापत जातो. एवढं सांगून पटलं नाही की ठेवणीतलं काढायचात, "पहिली धा मिनटं समदे जावई चांगलेच दिसतात. तासाभराने कळतं." हे एकदा ताईसमोर बोललात, तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मला तर अजून कळायचंय." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पाणी मीच दिलं होतं.

बंदुकीचा वाद आपण आठ वर्षं घातला, दाजी, आणि शेवटी मी जिंकलो. कसा जिंकलो ते तुम्हाला सांगितलं नाही.

मागच्या वर्षीचा मे. नामपूरच्या हेमंतची दहा पट्ट्यांची ऑर्डर होती. हेमंत तुमच्या भाऊबंदांतला. कांद्याचा व्यापार सांभाळून त्याने कांदाचाळीच्या अर्ध्या भागात यंत्रं मांडली होती. चाळीला चारही बाजूंनी फटी, वारा आरपार, मग कांद्याला मानवतं ते यंत्राला का नाही मानवणार, असं त्याचं गणित. फक्त कांद्याचे पापुद्रे उडून यंत्रांच्या पंख्यांत अडकायचे, म्हणून त्याने आईचं जुनं लुगडं ताणून मधे पडदा केला होता. ते बघून तुम्ही इतके खूश झालात की दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत होतात. आपल्या गावच्या पोराने डोकं चालवलं म्हणून. आणि गावची ऑर्डर म्हणून पट्ट्यांत काही कमी राहता कामा नये, हेही दोन दिवस ऐकवत होतात.

चार पट्ट्यांवर तुमचा हात फिरला, ठिपके लागले. मग तुम्हाला ताईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. निघताना म्हणालात, "सहा राहिल्या. एकेकीला तास. हेमंत उद्या सकाळी येतोय." आणि नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात दिलीत. तोवर ती तुम्ही कधी कुणाकडे दिली नव्हती.

दुपारचे बारा वाजले होते. पहिली पट्टी फळीला जोडली, वीस बल्ब पेटले, मी बाहेर टपरीवर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा दहा मिनिटं झाली होती. हात लावला तर सगळं गार. काढली आणि ठिपका लावला. दुसरीचं तसंच. सहाही तशाच. कारण विचारलंत तर सांगण्यासारखं काही नाही. कुणाची घाई नव्हती, घरी अडचण नव्हती. उकडत होतं आणि मला कंटाळा आला होता. शिवाय मनात कुठेतरी हेही होतं की दाजींचा तास म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. सहा तासांचं काम एका तासात उरकून मी पंखा लावून आडवा झालो. तुमचा ठिपका मोहरीएवढा असायचा. माझे, एक-दोन सोडले तर, जरा पसरले.

तीन आठवड्यांनी हेमंतचा फोन आला. "दादा, एक कनेक्टर जळी गय. धूर निंघना. बाकी समदं ठीक शे." बाकी सगळं ठीक होतं ते त्याच्या आईमुळे. पडद्यापलीकडे चाळ कांद्याने भरलेली, माउलीने धूर बघितला आणि काठीने मेन स्विच खाली पाडला. थोडा उशीर झाला असता तर वर्षाचा कांदा आणि चाळ दोन्ही गेलं असतं.

आपण मोटारसायकलवर निघालो. एरवी तुम्ही मागे बसून माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवायचात. त्या दिवशी सटाणा मागे पडलं तरी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. चाळीत पोचल्यावर तुम्ही ती पट्टी हातात घेतलीत, उलटीसुलटी करून पाहिलीत. कनेक्टर वितळून काळा गोळा झालेला, ठिपक्याची जागाच जळून गेलेली. तुमच्या चारांतली की माझ्या सहांतली, हे सांगणारी काही खूण उरली नव्हती. भोवती हेमंत, त्याची आई, शेजारपाजारचे दोघं-तिघं उभे. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"राजा, तुझ्या सहा तू तासभर ठेवल्या व्हत्या ना?"

मी म्हणालो, "हो दाजी."

तुम्ही मान हलवलीत. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलंत, पालथा करून, परत सरळ करून. साखर तुम्हाला होतीच, पायांना मुंग्या यायच्या, पुढे बोटांचीही जाणीव कमी होईल असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही हेमंतच्या आईसमोर जाऊन उभे राहिलात, दोन्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "वहिनी, मनाच हात चुकना." चूक तुम्ही स्वतःच्या हातावर घेतलीत. त्या बाईलाच अवघडल्यासारखं झालं. मी चार पावलांवर होतो, दाजी. त्या वेळी बोललो असतो तर तुम्ही फार तर सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली आवाज काढला असता. ती थप्पड मी वाचवली, आणि तुम्हाला आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर हात जोडू दिले.

उरलेल्या नऊ पट्ट्या पोत्यात भरून परत आणल्या. सातपूरला पोचल्यावर तुम्ही गाळ्यात न शिरता कुठेतरी गेलात आणि अर्ध्या तासाने आलात ते बंदूक घेऊन. ती माझ्यापुढे ठेवलीत. "घे. जिंकलास."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी कुणाशी वाद जिंकलो असेन तर तो एवढाच.

नऊही पट्ट्या तासतासभर लावून बंदुकीने मोजल्या. सगळ्या चांगल्या निघाल्या. तरी हेमंतला तुम्ही दहाच्या दहा नव्या करून दिल्यात. जुन्यांतली एक तुम्ही घरी नेलीत. कशाला, ते मी विचारलं नाही. त्यानंतर गाळ्यात तुम्ही पट्टीवर हात ठेवलेला मला कधी दिसला नाही. बाटली माझ्या बाजूला सरकवलीत, म्हणालात, "ठिपका आता तू लावायचा." हात सुन्न झालेला माणूस दुसरं काय करणार, असं मी धरून चाललो. पुढे मी प्रत्येक पट्टी घड्याळ लावून तासभर ठेवली. त्यात माझा काही मोठेपणा नाही, भीती होती.

तुमचं खेकसणं कमी झालं. मोटारसायकलचा बल्बसुद्धा निघेनासा झाला. आणि एक नवीनच सवय लागली तुम्हाला. संध्याकाळी बाहेर येऊन शटर अर्धं ओढायचं, तसंच वाकून उभं राहायचं आणि विचारायचं, "आणखी काय, राजा?" मी म्हणायचो, "काही नाही दाजी." तुम्ही जरा थांबायचात. मग शटर पूर्ण खाली यायचं. मला वाटायचं, कंबर धरली असेल.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. पंचवीसेक माणसं उन्हात ताटकळत उभी. एकेकाने पुढे होऊन शब्द दिला, की सुनंदाताईला अंतर देणार नाही, हे करू, ते करू. कावळा समोरच्या झाडावर बसून बघत होता. मला पुढे ढकललं तेव्हा मी म्हणालो, "दाजी, गाळा चालू ठेवीन." कावळा हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, तुमचाही नव्हता. तुम्हीच म्हणायचात, पोट भरलेला कावळा आणि आमचा साहेब, दोघं कुणाचं ऐकत नाहीत. पण तिथे काय बोलायचं राहिलंय ते मला नेमकं माहीत होतं, आणि चाळीत गप्प बसलो तसाच मी नदीवरही गप्प बसलो.

तेरावं झाल्यावर ताईने बोलावून घेतलं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली तुमचं टेबल होतं. त्यावर ती नेलेली पट्टी, एक जुना पॉवर सप्लाय आणि सहा बल्बांची छोटी फळी. सगळा भार एकाच कनेक्टरवर दिलेला, तो चांगला तापावा म्हणून. पट्टीवरचा ठिपका पसरलेला होता. नऊंतून तुम्ही मुद्दाम माझीच उचलली होतीत की हाताला आली ती घेतलीत, हे आता कोण सांगणार.

"हे घेऊन जा रे," ताई म्हणाली. "मला बघवत नाही."

मी विचारलं, दाजी याचं काय करायचे?

"दुपारचं जेवण झालं की हे पेटवून बसायचे. आधी स्वतः हात ठेवायचे. मग मला बोलवायचे, सुनंदा, तू ठेव, कितव्या आकड्याला उचलावासा वाटतो सांग. मी म्हणायची सातला. तर म्हणायचे, मला बी सातला. कधी पाच, कधी नऊ, पण दोघांचं सारखंच यायचं. महिनाभर चाललं होतं हे. माझी भांडी तशीच पडायची." ताई पदराने टेबल पुसत होती, टेबल स्वच्छच होतं. "शेवटी मी म्हटलं, अहो, हात चांगला आहे की तुमचा. उगीच जिवाला लावून घेतलंय. थांबा, राजाला सांगते. तर म्हणाले, नको. त्याचं त्याला सांगू दे."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू काय सांगणार होतास रे?"

मी सांगितलं. उकाडा, टपरी, दहा मिनिटं, चाळ, सगळं. ताई ऐकत राहिली. नंतर उठून तिने गॅसवर चहा ठेवला आणि पाठ माझ्याकडे असतानाच म्हणाली, "त्यांना सांगायचं होतंस, बाळा." मला ती बाळा म्हणाली त्याला चाळीस वर्षं झाली असतील. चहा मी रडत रडतच प्यायलो.

घरी येताना मी तुमच्यावर रागावलो होतो, दाजी. खरंच रागावलो होतो. एका मोटारसायकलच्या बल्बसाठी तुम्ही मला आठ वर्षं सोललंत, आणि एवढी मोठी गोष्ट कळल्यावर तोंड मिटून बसलात? कान धरून विचारायचं होतंत. गाळ्यात उभं करून अहिराणीत शिव्या द्यायच्या होत्यात. मी आधी नाही म्हटलं असतं, मग हो म्हटलं असतं, मग आपण दोघं टपरीवर गेलो असतो. एका दुपारचं काम होतं. तुम्ही मात्र रोज संध्याकाळी शटर अर्धं धरून वाट बघितलीत, आणि मी रोज तुमच्या कमरेची काळजी केली. एवढी सवड देऊ नये हो माणसाला. माझ्यासारख्याला तर मुळीच देऊ नये.

राग उतरल्यावर एक गोष्ट लक्षात आली. हात चांगला आहे हे कळल्यावर तुम्ही बाटली परत मागून घेऊ शकला असतात. मागितली नाहीत. मी खोटं बोललो हे माहीत असूनही पट्टीवरचा शेवटचा ठिपका माझाच राहू दिलात. तुमची पुण्याई म्हणजे तो ठिपका होता, दाजी, आणि ती तुम्ही माझ्या हातात ठेवलीत. याचे आभार कसे मानायचे मला येत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आभार नको, चहा सांग.

हेमंतला काल फोन केला. चूक माझी होती, दाजींची नव्हती, एवढं सांगायला. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा. कांदा वाचना, समदं वाचनं." फोन ठेवता ठेवता मात्र बोलला, "पण आमच्या आईसमोर तुमच्या दाजींनी हात जोडले व्हते. आई अजून म्हणते, येवढा मोठा माणूस हात जोडून उभा राहिला. आईला सांगतो मी." मी म्हणालो, सांग. आवर्जून सांग.

आज सकाळी भंगारबाजारात जाऊन बल्ब आणला. जीपचाच. दुकानदाराला दोनदा विचारून घेतला. सातव्या जागी बसवला आणि ताईकडून आणलेली ती पट्टी मोठ्या फळीला जोडली. वीसच्या वीस पेटले. मी टपरीवर गेलो नाही. समोर बसून राहिलो, तुमच्या स्टुलाशेजारी. गाळ्यात इतका उजेड होता आणि मी एकटा होतो. तास भरल्यावर बंदूक खणात टाकली आणि हात पालथा करून एकेका कनेक्टरवर ठेवला. चटका बसतो, दाजी. सहाव्या आकड्यापासून हात उचलावासा वाटतो आणि मग माणूस खरंच मोजायला लागतो, घाईघाईने नाही, नीट. सगळ्यांवर दहापर्यंत राहिला. जुना पसरलेला ठिपका मी नखाने खरवडून काढला आणि त्या जागी नवा लावला. तुमच्याइतका बारीक नाही आला.

सात वाजता बाहेर आलो, शटर अर्धं ओढलं आणि तसाच वाकून उभा राहिलो. रस्त्यावरून पाळी सुटलेल्यांच्या मोटारसायकली चालल्या होत्या. कमरेला कळ लागेपर्यंत उभा होतो. तुम्ही वर्षभर एवढा वेळ वाकून थांबत होतात हे मला माहीत नव्हतं.

"तासभर नव्हत्या ठेवल्या, दाजी," मी म्हणालो. "दहा-दहा मिनिटंच."

लेथवाला त्याच्या दारात हात पुसत उभा होता. त्याने विचारलं, "काय म्हणालात?"

मी परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने.